भोंग्यावरची हजेरी

आमच्या घरात माझ्या आवाजाची कायम चेष्टा होत आली आहे. वडील शिक्षक. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं राजूरला गेली आणि माझं लहानपणही तिथलंच. डोंगरातल्या गावात पलीकडच्या घरी हाक मारायची तर ती पोटातून मारावी लागते. ती सवय जी लागली ती लागलीच. पुढे मीही शिक्षिका झाले, लग्न होऊन केडगावात आले, तर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, जरा हळू बोल, शेजाऱ्यांना वाटेल आपण भांडतोय." आणि मिस्टर अजूनही, मी फोनवर बोलत असले की म्हणतात, "फोन कशाला हवाय तुला? खिडकी उघड, पुण्यापर्यंत जाईल." म्हणू देत. या आवाजाचं आयुष्यात एकदा चीज झालं, ते करोनाच्या दिवसांत झालं.

माझी शाळा केडगावपासून स्कूटरवर जाऊन-येऊन करण्याइतक्या अंतरावरच्या एका गावात होती. जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची. पहिल्या टाळेबंदीत त्या गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. आम्हा शिक्षकांना घरोघरी तपासणीचं काम होतं, त्यामुळे मला आत घ्यायचे, पण तेही असं की फांदी बाजूला सरकवणारा माणूस तोंडावर उपरणं धरून माझ्याकडे पाठ करायचा. एरवी हाच माणूस मला बळजबरीनं चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. शाळेला कुलूप. वरून आदेश आला की मुलांना मोबाईलवर शिकवा. मोबाईल कुणाकडे? घरात एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कांद्यात. रेंज यायची ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. तिथे सहावीची दोन पोरं चढून बसलेली मी बघितली आणि खालूनच अशी ओरडले की ती उतरली ती पुन्हा चढली नाहीत.

मग देवळाच्या भोंग्याचं डोक्यात आलं. आधी कुठल्यातरी दुसऱ्या गावात कुणी केलं होतं असं कानावर आलं होतं, मी काही फार मोठा शोध लावला नव्हता. गावच्या मारुतीच्या देवळावर दोन भोंगे होते, एक गावठाणाच्या दिशेला, एक एसटीच्या थांब्याकडे. पहाटेचा काकडा आणि पाणी सुटल्याची दवंडी एवढंच त्यांचं काम. देवळाची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं. ते म्हणाले, "बाई, मारुतीची काय हरकत न्हाई. म्हशींचं इचारून घ्या."

आणि झालंही तसंच. दोन दिवसांत तक्रार आली की सकाळी नऊला बाईंचा आवाज सुरू झाला की म्हैस पान्हा चोरते. मी म्हटलं, "नऊ वाजेपर्यंत धार काढायची राहतेच कशी?" त्यावर त्या घरातली सगळीजणं हसली, कारण त्यांची धार रोजच उशिरा असायची आणि ते गावाला माहीत होतं. तिथून पुढे कुणी म्हशीचं नाव काढलं नाही.

रोज सकाळी नऊला मी देवळात माईकपुढे बसायचे. आधी हजेरी. नावं मी घेत नव्हते, वर्ग सांगायचे आणि नंबर पुकारायचे. गावठाणातली पोरं आपापल्या ओट्यावर, पत्र्यावर, गोठ्याच्या दारात उभी राहून "हजर बाई" म्हणून ओरडायची. कुठून कुठून आवाज यायचे, काही जवळून, काही चार आळ्या पलीकडून. पण ओढ्यापलीकडे शेतात जी वस्ती होती, तिथल्या मुलांचा आवाज काही देवळापर्यंत पोचेना. तेव्हा मी म्हटलं, साऱ्या देशानं ताटं वाजवली ना, मग तुम्हीही वाजवा. वस्तीवरच्या पोरांनी स्टीलच्या ताटावर पळीनं दोन ठोके द्यायचे. आणि ते ऐकू यायचे हो. ओढ्यावरून, कांद्याच्या वाफ्यांवरून, टण्ण टण्ण. माझा एक नियम होता: नंबर गाळायचा नाही. पोरगं आजारी असो, मामाच्या गावी गेलेलं असो, नंबर तीनदा पुकारायचा आणि मगच पुढे जायचं. कारण शाळा बंद असली तरी आपली वाट कुणीतरी बघतंय हे त्या पोराला कळायला हवं, असं मला वाटायचं. मिस्टर म्हणायचे, "तुला नुसतं ओरडायला हवंय." तेही काही अगदी खोटं नव्हतं.

गंमत अशी झाली की शाळा भरली साऱ्या गावाची. मी पाढे म्हणायला लागले की गोठ्यातून बायका म्हणायच्या. एकोणतीसच्या पाढ्याला सगळा गाव गळपटायचा आणि पुन्हा तिसाच्या पाढ्याला जोरात यायचा. एकदा मी चौथीला गोष्ट सांगत होते आणि वेळ संपली म्हणून अर्ध्यावर थांबवली, तर पन्नाशीचे एक गृहस्थ सायकल ढकलत देवळापाशी आले आणि म्हणाले, "बाई, त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं तेवढं सांगा, मला आज दूध घालायला लांब जायचंय." मला त्या दिवसांची फार आठवण येते. आणि तसं म्हणायची चोरी वाटते, कारण त्याच दिवसांत माणसं गेली. तरीपण येते. आता शाळा रोज भरते, घंटा होते, पोरं पायरीवर चपला काढून आत येतात, सगळं जिथल्या तिथे आहे. भोंग्यावरून पाणीपट्टी भरा म्हणून सांगतात तेवढंच. पण सकाळी नऊला कधी मी व्हरांड्यात उभी असले की मला ते चारी बाजूंनी येणारे आवाज हवेसे वाटतात. एका गावाला एकाच वेळी एकच गोष्ट ऐकताना मी पुन्हा कधी पाहिलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि हसणं बंद झालं. त्या दिवसांत मी माईकवर फक्त हजेरी घ्यायचे, पाढे नाहीत, गोष्टी नाहीत. कुणाच्या घरात काय चाललंय ते माहीत नसायचं. वस्तीवरचा एक धडधाकट माणूस नगरच्या दवाखान्यात गेला आणि परत आला नाही, घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्याच्या थोरल्या भावाची मुलगी माझ्या शाळेत होती. तेव्हा सातवीची, जूनपासून आठवीची; नंबर दोन्हीकडे अकरा. ही गोष्ट तिची आहे. उंच अंगाची, कमी बोलणारी, गणितात मात्र माझ्या चुका काढणारी. चुलता गेल्यावर चौथ्या दिवशी मी तिचा नंबर पुकारला तेव्हा मला वाटलं नव्हतं, पण ओढ्यापलीकडून दोन ठोके आले. माईक चालू होता म्हणून, नाहीतर मी तिथंच रडले असते.

लाट ओसरली, पण बंधनं काही सुटेनात. आज संपतील म्हणावं तर आणखी पंधरा दिवस. पहिल्यांदा लोक घाबरून मुकाट ऐकत होते, दुसऱ्या वेळी दुःखानं गप्प होते, आता मात्र वैतागले. दुकानांची शटरं गुडघ्यापर्यंत वर असायची आणि गिऱ्हाईक वाकून आत जायचं. न्हाव्यानं चिंचेखाली खुर्ची नेली होती, कुणी विचारलं तर म्हणायचा, मी शेताला आलोय. मास्क हनुवटीवर, पोलिसांची जीप दिसली की नाकावर, जीप गेली की पुन्हा हनुवटीवर. आणि टीव्हीवर रोज नव्या विषाणूचं नाव. डेल्टा झाला, मग डेल्टा प्लस. पारावरचे म्हातारे त्यांची सोयरीक लावायचे. "हा त्याचा चुलत का सख्खा?" "सख्खाच असंल, येवढा माजलाय म्हंजी." हसायचे आणि हसता हसता एखादा उठून घरी जायचा.

आणि मग पावसाळा सरता सरता ते घडलं ज्यानं गावाचं खरंच डोकं फिरलं. सगळीकडे शाळा उघडायला लागल्या, पुण्यात हॉटेलं उघडली, देवळं उघडली, आणि आमच्याकडची काही गावं मात्र रुग्ण कमी होईनात म्हणून पुन्हा बंद. त्यात हे गाव. फळ्यावर मी स्वागताचं लिहून ठेवलं होतं, रंगीत खडूनं फुलं काढली होती, ती तशीच राहिली. मी तपासणीला गेले तर लोक माझ्यावरच आले. जणू आदेशावर सही माझी. एक बाई म्हणाली, "आमच्याच गावाच्या हवेत इख हाय का? श्येजारच्या गावात लग्नं चालल्यात."  मी म्हटलं, "मलाही राग आलाय." त्यावर ती म्हणाली, "मग बसा, च्या घ्या." म्हणजे आम्ही निदान एका बाजूला आलो.

त्याच आठवड्यात अकरा नंबरचं ताट वाजेनासं झालं. एक दिवस, मग दुसरा. वस्तीवरच्या इतर पोरांची ताटं वाजत होती, हिचं नाही. मला आधी वाटलं ताप असेल. ऑक्सिमीटर पर्समध्ये टाकून मी संध्याकाळी वस्तीवर गेले. पोरगी चांगली ठणठणीत, चुलीपुढे. मला बघून उठली, पण नेहमीसारखी पुढे आली नाही. तिचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "ही हजेरी का देत नाही?"

ते म्हणाले, "बसा बाई. पानी घ्या." मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवून म्हणाले, "मीच नको म्हनलोय. ताट वाजलं की साऱ्या शिवाराला कळतंय, शाळंत हाय म्हनून."

"मग? आहेच शाळेत."

"पाव्हणे यायचेत बघायला."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज माझा, म्हणजे वस्तीवरच्या चारही घरांनी ऐकलं असणार. कायदा सांगितला, वय सांगितलं, ग्रामसेवकांना सांगेन म्हटलं. त्यांनी मला मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळा कधी उघडनार, तेवढं सांगा."

"आदेश आला की," मी म्हटलं.

"न्हाई, सांगा ना. मागं म्हनले दिवाळी झाल्यावर. मग म्हनले जून. मग म्हनले आता उघडली. उघडली का? नवा कोनतातरी आला म्हनत्यात. आज धाकला गेला. उद्या मी गेलो तर हिचं कोन करनार? ह्या टायमाला पंचवीस मानसांत उरकतंय, कोन रुसत न्हाई, कोन इचारत न्हाई. तुमी तारीख द्या शाळंची, मी पाव्हण्यांस्नी नको म्हनून सांगतो."

माझ्याकडे तारीख नव्हती. कुणाकडेच नव्हती. हे जे लोक म्हणायचे ना, की बंदी वाढली तर काय बिघडतंय, घरीच तर बसायचंय, त्यांना मी त्या अंगणात उभं करायला हवं होतं. त्या माणसाला मुलगी जड झाली नव्हती. तो भ्यायला होता. आणि भ्यायलेल्या माणसाशी भांडता येत नाही, निदान मला तरी आलं नाही. निघताना मी चुलीकडे बघितलं, तर ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन अशी तिची अपेक्षा असावी. मी स्कूटर सुरू केली.

ग्रामसेवकांना फोन केला. ते बिचारे स्वतःच आजारातून उठत होते, म्हणाले, "बघतो मॅडम, उद्या-परवा जाऊन येतो." घरी मिस्टरांवर चिडले, भाजी करपवली, आणि त्यांनी ती निमूटपणे खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात जाऊन बसले तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, वस्तीवर पाव्हणे आल्यात. बांधाबांधानं आले, वेशीतनं न्हाई." गाव बंद, बाहेरच्या माणसाला मनाई, म्हणून बघायला आलेली माणसं चोरवाटेनं आली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माईक हातात घेतला आणि मी नेहमीसारखी हजेरी सुरू केली. पहिली, दुसरी, तिसरी. आठवीवर आले. नंबर गाळायचा नाही हा नियम मीच केलेला. पण त्या दिवशी मी तो नुसत्या नियमानं पाळला नाही, हेही खरं आहे. मी एरवीपेक्षा जोरात म्हटलं, "इयत्ता आठवी, नंबर अकरा."

काही नाही. बाबा खांबाला टेकून ऐकत होते. मी पुन्हा म्हटलं, "इयत्ता आठवी, नंबर अकरा." कुठंतरी कोंबडा आरवला, तेवढंच. गावठाणातली पोरंही गप्प झाली होती, कारण बातमी त्यांच्याही घरात पोचलेली. तिसऱ्यांदा मी जे ओरडले त्याला हजेरी म्हणत नाहीत. 

आणि ओढ्यापलीकडून ताट वाजलं. दोन ठोके नव्हेत. ती वाजवतच राहिली.

वस्तीवर काय झालं ते मला नंतर तिच्या आईनं सांगितलं. पाहुणे ओसरीवर बसले होते. मुलगा, त्याचे वडील, आणि त्याची आत्या, जिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नव्हतं. मुलीची दहावी झाली, अठरावं सरलं, असं सांगून झालं होतं. मुलगी साडीत तशी मोठी दिसत होतीच. पोह्यांच्या बशा तिनं नेऊन ठेवल्या, चमचे ठेवले, आत आली आणि मांडणीवरचं मोठं ताट काढलं. "मला वाटलं लाडू ठिवायला काढलं," आई म्हणाली. तर ती ताट आणि पळी घेऊन साडीचा बोंगा सावरत पाहुण्यांच्या पुढून अंगणात गेली, देवळाकडे तोंड करून उभी राहिली आणि वाजवायला लागली. पोह्याचा घास तोंडात तसाच राहिला सगळ्यांच्या. आत्याबाईंनी विचारलं, "ह्ये काय?"  तेव्हा पोरगीच वळून म्हणाली, "हजेरी हाय माझी. आठवीची."

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. मुलीच्या बापाकडे बघितलं. म्हणाल्या, "दादा, आमी आधीच बांधानं आलोय, जिवाचा धसका घिऊन. आन् ही साऱ्या शिवाराला सांगतीय आठवीत हाय म्हनून. आमाला न्हाई जमायचं." उठताना मुलीच्या अंगावरून हात फिरवून गेल्या म्हणे. भीती पोलिसांची होती की काय होती ते त्यांनाच ठाऊक. मला काही त्यांना फार थोर करायचं नाही. पण गेल्या, हे महत्त्वाचं.

दुपारी मुलीचे वडील देवळात आले. मी माईक आणि वायर आवरत होते. पायरीखाली उभे राहून म्हणाले, "भरल्या घरात माझी अब्रू घालवली तुमी. वारा बी नेमका तुमच्याच बाजूनं."

मी म्हटलं, "मी फक्त हजेरी घेतली."

"मला नका शिकवू. रोज अशी घेता का?"

रोज अशी घेत नव्हते, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुम्ही रागवा माझ्यावर. हवं तर आयुष्यभर रागवा. पण तिला ताट वाजवू द्या." ते वळून गेले. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं ते मी बघत बसले नाही. गावात दोन तट पडले. बायका मला गाठून हळूच म्हणायच्या, "बाई, ब्येस केलं." काही माणसं म्हणायची, "बाईंस्नी काय, संध्याकाळी केडगावला जायचंय, निस्तरायचं आमाला." तेही बरोबरच होतं. मला बरेच दिवस झोप नीट लागली नाही. सोयरीक मोडलेल्या पोरीचं पुढं काय होतं हे मला माहीत होतं, आणि शाळा अजून बंदच होती.

दिवाळीच्या सुमाराला एकदाची शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. पोरं वाढलेली, चपला अपुऱ्या, दोन मुली साफ बदललेल्या. ती आली का, ती आली का, एवढंच माझं चाललेलं. ती आली, सगळ्यांच्या शेवटी. मला बघून म्हणाली, "बाई, भोंग्यावर तुमचं अपूर्णांकाचं गणित चुकलं होतं, ते राहिलंय अजून." मी तिला वर्गात जायला सांगितलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. पण तिचे वडील माझ्याशी बोलत नव्हते. रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचे. पोरीला पाठवत होते, पण किती दिवस ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही विचारायला धजले नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा कुणी बांधाबांधानं येईल की काय, ही धाकधूक मला रोज असायची.

आणि हिवाळ्यात पुन्हा तेच. टीव्हीवर ओमायक्रॉन. पुन्हा आदेश, पुन्हा शाळा बंद. या वेळी गावात कुणी ओरडलंसुद्धा नाही. लोक नुसते थकले होते. पारावरचा म्हातारा म्हणाला, "ह्याचं तरी नाव लई अवघड हाय," आणि कुणी हसलं नाही. मी शाळेला कुलूप लावलं. मुलांसाठी वाईट वाटत होतंच, पण खरं सांगते, मला एकाच मुलीची भीती होती. शाळा बंद राहिली की काय होतं ते मी एकदा पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात पोचले तर बाबा बाहेर पायरीवर बसलेले, वर बघत. देवळाच्या गच्चीवर कुणीतरी चढलेलं होतं. मी स्कूटर लावली आणि वर बघितलं. मुलीचे वडील होते. हातात मोटरीचा पाना, आणि एसटी थांब्याकडचा भोंगा त्यांनी सैल केला होता.  मला वाटलं, भोंगा काढून टाकायला चढले.

"अहो, काय करताय?" मी खालून ओरडले.

त्यांनी खाली बघितलं. कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी बोलले. "संपात एसटी बंद पडलीय, तिकडं कोन ऐकतंय? आमच्या वस्तीकडं फिरवतोय. वारा न्हाई आला की पोरीला नीट ऐकू येत न्हाई."

त्यांनी भोंगा ओढ्याच्या दिशेला वळवला, पान्यानं आवळला, हलवून बघितला, आणि खाली उतरून आले. घरी जायचं सोडून खांबापाशी उभे राहिले. मला म्हणाले, "लावा. बघू, बसलाय का नीट." मी पहिलीपासून सुरू करणार होते, पण ते म्हणाले, "न्हाई, आमचा नंबर घ्या आधी."

मी घेतला. एकदाच. ओढ्यापलीकडून दोन ठोके आले, स्वच्छ. वडील मान तिरपी करून ऐकत होते. आजवर त्यांनी ते ताट घरातूनच ऐकलं होतं, देवळापाशी उभं राहून कधी नाही.

"इथवर येतोय की आवाज," ते म्हणाले, आणि पाना खिशात घालून कांद्याला पाणी द्यायला गेले.